चेन-स्प्रॉकेट घरीच बदलताय? आधी पुढचा नट सोडवा

पहिल्यांदा घरी मोटरसायकलचा चेन सेट (चेन आणि ती ज्यांच्यावर फिरते ती पुढचं-मागचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट) बदलला तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं, तर चेन काढली. चेन बदलायचीय ना, मग चेन काढा, सरळ हिशोब. मग पुढच्या छोट्या स्प्रॉकेटचा नट सोडवायला बसलो तर पाना फिरवला की शाफ्टही सोबत फिरतोय, गाडी गिअरमध्ये टाकली तरी इंजिन गप्पकन एक फेरी मारतंय आणि नट जिथल्या तिथे. शेवटी ती तेलकट काळी चेन कचऱ्याच्या डब्यातून परत काढली, पुसली, चढवली, लॉक लावलं, मागचा ब्रेक दाबून धरायला घरातल्या एकाला बोलावलं आणि मग कुठे नट सुटला. दीड तास त्यातच गेला. तर या कामात ताकद वगैरे फार लागत नाही, लागतो तो क्रम, आणि क्रम चुकला की साधं काम डोक्याला ताप होतं. म्हणून जमेल तसं क्रमानेच सांगतो.

पण त्याआधी, बदलायची वेळ खरंच आलीय का ते बघा. आपण म्हणतो चेन "ताणली गेली", पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्यावर एक बारीक नळी, म्हणजे बुश. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये बुश रोलर चेन काढली आणि आज आपल्या गाडीला असते ती मुळात तीच रचना आहे. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात कागदाच्या जाडीएवढी पोकळी तयार होते आणि ती सगळी मिळून चेन लांब होते. ४२८ नंबरची ११८ लिंकची चेन धरा, नवी असताना साधारण १४९९ मिलिमीटर भरते, सांध्यात फक्त ०.१३ मिलिमीटर झीज झाली की अख्खी चेन १५ मिलिमीटर वाढली, म्हणजे १ टक्का.

मोजायचं कसं, तर चेन खालच्या किंवा वरच्या बाजूला ताणून धरायची आणि २१ पिना मोजायच्या, म्हणजे मधे २० लिंका. पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत ४२८ ची नवी चेन २५४ मिलिमीटर भरते आणि ५२०, ५२५, ५३० यांची ३१७.५. मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, साधारण १ ते २ टक्के वाढ, ओ-रिंगवाल्या (सांध्यातलं ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगांच्या) चेनला १ टक्क्यालाच निरोप द्या. एकाच जागी मोजू नका, चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. मोजपट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या एकदम मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढा, अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर संपली म्हणून समजा. दातांचा आकारही बघा, नवा दात दोन्हीकडून सारखा असतो, झिजलेला एका बाजूला कलून आकड्यासारखा होतो. बाकीची लक्षणं म्हणजे ॲडजस्टर (मागचं चाक सरकवून चेन ताणायचा स्क्रू) शेवटच्या खुणेपर्यंत आलेला, किंवा चेन एका जागी टाइट आणि अर्धी फेरी फिरवली की ढिली, किंवा काही लिंका जाम होऊन वाकड्याच राहिलेल्या. आणि पिकअप देताना खाडकन दात ओलांडून चेन सटकायला लागली असेल तर आज-उद्या करू नका, चेन तुटून पुढे गुंडाळली गेली तर इंजिनचं केसिंग फुटतं नाहीतर मागचं चाक जाम होतं, चालत्या गाडीवर दोन्ही गोष्टी नकोत.

"फक्त चेनच बदलतो, स्प्रॉकेट अजून चांगली आहेत" हे मीही म्हणून बघितलंय. झिजलेल्या स्प्रॉकेटचे दात जुन्या लांबलेल्या चेनच्या मापाने घासलेले असतात, त्यावर नवी चेन टाकली की तिचे रोलर नीट बसत नाहीत, सगळा जोर एक-दोन दातांवर येतो आणि नवी चेन जुन्याच्या वयाला फार लवकर पोचते. उलटंही तसंच. तिन्ही गोष्टी एकदम बदला.

किट घेताना तीन आकडे लागतात: चेनचा नंबर, लिंकांची संख्या आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दात. नंबरातला पहिला आकडा म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेचं अंतर इंचाच्या आठव्या भागात, ४ म्हणजे १२.७ मिलिमीटर आणि ५ म्हणजे १५.८७५. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे, म्हणून ५२० आणि ५३० दिसायला भाऊ-भाऊ असले तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लिंकांची संख्या नेहमी सम असते, आतली एक आणि बाहेरची एक अशी जोडी. दात स्वतः मोजा, एका दाताला खडूने खूण करून सुरुवात करा नाहीतर ४२ चे ४३ होतात. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय बसवलं होतं त्यावर विश्वास नको, मॅन्युअलमधलं माप खरं.

दात कमी-जास्त करून पिकअप वाढवायचा मोह खूप जणांना होतो. हिशोब सोपा आहे, मागचे दात भागिले पुढचे. १४ आणि ४२ म्हणजे ३. पुढे एक दात कमी करून १३ केले की ३.२३, आणि जवळपास तेवढाच फरक मागून हवा असेल तर ४५ दात लावावे लागतात. म्हणजे पुढचा एक दात मागच्या तिघांच्या बरोबरीचा. पिकअप वाढेल पण त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरेल, आणि काही गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्याचा आकडाही चुकेल. शिवाय पुढचं स्प्रॉकेट जितकं छोटं तितकी चेन जास्त वळते आणि लवकर झिजते. माझं मत विचाराल तर कंपनीने दिलेलं राहू द्या.

हत्यारं: रिंग पाने आणि सॉकेट, पुढच्या नटाच्या मापाचा सॉकेट लांब दांड्यासकट (हे माप आधीच बघून ठेवा, बहुतेक घरच्या किटमध्ये तोच सॉकेट नसतो), हातोडी, छिन्नी, नोज प्लायर, मोजपट्टी, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला आवळायचा पाना), रॉकेल, जुना ब्रश, भरपूर फडकी. चेन रिव्हेटवाली (जोडणीच्या पिनांची टोकं फुलवून बंद केलेली) असेल तर चेन तोडायचं आणि रिव्हेट करायचं टूल. गाडी सेंटर स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड), सपाट जागेत, नुसत्या साइड स्टँडवर हे काम करायला जाऊ नका. हातमोजे घाला, स्प्रॉकेटचे झिजलेले दात ब्लेडसारखे झालेले असतात.

आता सुरुवात. आधी डावीकडचं, म्हणजे जिकडे चेन असेल तिकडचं, इंजिनचं छोटं कव्हर काढायचं. गिअर लिव्हर आड येत असेल तर काढण्याआधी लिव्हर आणि शाफ्टवर समोरासमोर खूण करा, नाहीतर परत लावताना एक दात वर-खाली बसतो आणि गिअर टाकताना पाय वाकडा होतो. काही गाड्यांत क्लचची केबल किंवा दांडा याच कव्हरमधून जातो, तो असेल तर फोटो काढून ठेवा, फोटो सगळ्याचेच काढा, फुकट आहेत. आत वर्षानुवर्षांचं तेल आणि धुळीचं काळं लोणी साचलेलं असेल, ते खरवडून काढा आणि इथेच बघून घ्या की शाफ्टच्या सीलमधून इंजिन ऑइल गळत नाहीये ना. गळत असेल तर सील बदलायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

छोटं स्प्रॉकेट दोन-तीन प्रकारांनी बसवलेलं असतं. छोट्या गाड्यांत एक खाचांची प्लेट आणि तिला दोन बारीक बोल्ट, ते सोडले की प्लेट थोडी फिरवून बाहेर येते, अगदी पोरखेळ. काहींत सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग. मोठ्या गाड्यांत मधोमध एक मोठा नट आणि त्याखाली वॉशर, ज्याची कड नटावर दुमडलेली असते. ती कड आधी छिन्नीने हळू ठोकून सरळ करायची, न करता जोर लावला तर नट सुटणार नाही किंवा वॉशर फाटेल. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये, चेन अजून जागेवरच, एकाने मागचा ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि दुसऱ्याने लांब दांड्याने नट फोडायचा. फक्त फोडायचा, म्हणजे जाम सुटला की थांबायचं. चाकाच्या आऱ्यांत लाकूड किंवा पाइप अडकवून चाक थांबवणारे लोक असतात, त्यांच्या आऱ्याही मग वाकतात, तुम्ही ते करू नका. नट हललाच नाही तर गंज सोडवायचा स्प्रे मारून अर्धा तास चहा प्या, आणि तरीही नाही तर मॅन्युअल बघा, क्वचित उलट्या आट्यांचा नट असतो आणि आपण त्याला आणखी आवळत बसलेलो असतो.

तसंच मागच्या मोठ्या स्प्रॉकेटचे नटही चाक गाडीवर असतानाच, ब्रेक दाबून, एकेक करून थोडे ढिले करून ठेवा. नंतर सुटं चाक जमिनीवर गुडघ्यात धरून ते सोडवताना काय होतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

आता चेन. लॉकवाली (जोडणीची लिंक क्लिपने बंद होणारी) असेल तर लॉकची क्लिप नोज प्लायरने उघड्या टोकाकडून सरकवून काढा, ती उडते, वर एक हात ठेवा. रिव्हेटवाली असेल तर एका लिंकच्या दोन्ही पिनांची फुगलेली डोकी ग्राइंडरने घासून सपाट करा आणि मग टूलने पिना बाहेर ढकला, डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि ठिणग्या पेट्रोलच्या टाकीकडे किंवा रॉकेलच्या डब्याकडे उडणार नाहीत इकडे लक्ष. पूर्ण झाकलेलं चेन कव्हर असेल तर त्याचे दोन्ही अर्धे भाग आधी काढावे लागतात. चेन निघाली की नट काढून जुनं छोटं स्प्रॉकेट ओढून घ्या.

मागचं चाक काढताना ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकची रॉड आणि टॉर्क आर्म (ब्रेकची प्लेट फिरू न देणारी पट्टी) आधी सोडा, डिस्क असेल तर ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) बाजूला टांगून ठेवा आणि पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, चुकून कोणी पेडल दाबला तर पिस्टन बाहेर येतील. एक्सल काढताना त्यावरचे स्पेसर कोणत्या बाजूचे, कोणत्या क्रमाने आले ते कागदावर मांडत जा. काही गाड्यांत स्प्रॉकेटचा भाग, ज्याला आपण कपलिंग म्हणतो, तो वेगळ्या नटाने स्विंग आर्मलाच (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा सांगाडा) राहतो आणि चाक एकटंच निघतं, मग तो नट पण सोडवायचा.

चाक हातात आलंच आहे तर दोन मिनिटं बेअरिंगला द्या, बोट आत घालून फिरवा, खरखर लागली तर बदला. कपलिंगची रबरं बघा, कपलिंग हाताने पुढे-मागे हलवलं की सैल डुलत असेल तर रबरं गेलीत, आणि मग नवी चेन टाकूनही गाडी झटके देईल आणि तुम्ही चेनला शिव्या घालाल. जुनं स्प्रॉकेट काढा, बसायची जागा ब्रशने स्वच्छ करा, खाली वाळूचा एक कण राहिला तरी स्प्रॉकेट तिरकं बसतं. नवं लावताना उलटं लागत नाहीये ना बघा, बहुतेक वेळा दातांचा आकडा कोरलेली बाजू बाहेर येते पण खात्रीसाठी जुन्याशी ताडून बघा. नट एकेक न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने, दोन फेऱ्यांत आवळा आणि शेवटी टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला. लॉक वॉशर असतील तर नवे घाला आणि कडा दुमडा.

छोटं स्प्रॉकेटही जुनं जसं होतं त्याच तोंडाने शाफ्टवर चढवा, नवा वॉशर, नट हाताने. आवळायचा नंतर, चेन बसल्यावर, परत त्याच ब्रेकच्या युक्तीने. दोन बारीक बोल्टवाली प्लेट असेल तर तिथे पैलवानकी नको, ते बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपासचे असतात आणि लगेच तुटतात.

चाक बसवा, एक्सल ढिलाच ठेवा, ॲडजस्टर मागे घेऊन चाक शक्य तितकं पुढे ढकला. नवी चेन किटमधली असेल तर मापाचीच असते, सुटी घेतली असेल तर लांब असू शकते, मग लिंका मोजून तोडायची, दोनदा मोजून. दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटवर आणून जोडा, दातांमुळे टोकं जागेवर धरली जातात आणि तिसरा हात लागत नाही. ओ-रिंगवाली चेन असेल तर जोडणीच्या लिंकला चार ओ-रिंग, दोन आत दोन बाहेर, सोबत आलेलं ग्रीस पिनांना आणि रिंगांना भरपूर लावा, मग बाहेरची प्लेट शेजारच्या लिंकएवढ्याच रुंदीपर्यंत दाबा. जास्त दाबली तर सांधा जाम, कमी दाबली तर क्लिप खाचेत बसत नाही.

क्लिपची दिशा हा मुद्दा लोक हसत हसत सोडून देतात. क्लिपचं बंद, गोल टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं. वरच्या बाजूला चेन पुढे इंजिनकडे जाते, म्हणून क्लिप वर असताना बंद टोक पुढे, आणि तीच क्लिप खाली आली की बंद टोक मागे दिसेल, तेव्हा गोंधळू नका. उलटी लावली आणि कुठे घासली गेली तर ती सरकून निघते आणि मग चेन रस्त्यावर. खाचेत पूर्ण बसल्याचा टक आवाज येतो, तरी बोटाने चाचपून बघाच. रिव्हेट असेल तर पिनेचं तोंड टूलने फुलवायचं, किती ते पाकिटावर मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, व्हर्नियर कॅलिपरने मोजा, आणि तोंडाला चीर गेलेली दिसली तर ती लिंक बाद, नवी घ्या. रिव्हेटची सवय नसेल तर एवढा एक भाग मेकॅनिककडून करून घेण्यात कमीपणा काही नाही.

आता ढील. खालच्या बाजूला दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करायची आणि एकूण हालचाल मोजायची, रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना २० ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान कुठेतरी असते, उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त, नेमका आकडा गाडीवर किंवा मॅन्युअलमध्ये. चाक हाताने फिरवत जिथे चेन सगळ्यात टाइट आहे तिथे हे माप घ्यायचं. मला आधी टाइट चेन म्हणजे चांगली चेन वाटायचं, तारेसारखी ताणून ठेवायचो आणि वर अभिमान. पण गाडीवर बसलं, खड्ड्यात चाक वर गेलं की छोटं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा खिळा (ज्यावर तो हलतो) आणि एक्सल एका रेषेत येतात आणि तेव्हा चेनला सगळ्यात जास्त लांबी लागते, ती मिळाली नाही तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. जरा सैल चेन आवाज करते, टाइट चेन गुपचूप खर्च वाढवते. शंका आली तर मर्यादेतल्या सैल बाजूला ठेवा.

दोन्हीकडचे ॲडजस्टर सारखेच, अर्धा-अर्धा आटा करत फिरवा. खुणा जुळवा, पण खुणांवर आंधळा भरवसा नको, स्विंग आर्मच्या खिळ्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा, सारखं आलं पाहिजे. मागून एक डोळा मिटून चेन बघितली की ती सरळ रेषेत धावतेय का तिरकी तेही कळतं. मग एक्सलचा नट टॉर्कला आवळा आणि ढील परत मोजा, कारण आवळताना ती हमखास बदलते. नट सुटू नये म्हणून कॉटर पिन असेल तर नवी. मग पुढचा नट टॉर्कला, वॉशरची कड दुमडली, कव्हर, गिअर लिव्हर खुणेवर. ब्रेकची रॉड, टॉर्क आर्म, पेडलचा फ्री प्ले, ब्रेक लाइट कधी लागते, हे सगळं बघून झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. डिस्कवाल्यांनी पुठ्ठा काढून पेडल दोन-चार वेळा दाबून कडक होतोय का बघायचं.

चाक फिरवून बघायचं ते हातानेच, न्यूट्रलमध्ये. गाडी स्टँडवर चालू करून गिअरमध्ये टाकायची आणि फिरत्या चेनला फडकं धरायचं, हे कितीही जण करत असले तरी करू नका, फडकं ओढलं जातं आणि त्याच्या मागोमाग बोट, स्प्रॉकेट थांबत नाही.

नव्या चेनवर जे चिकट ग्रीस असतं ते रॉकेलने धुऊन काढू नका, ते आतल्या भागासाठीच असतं. पहिले काही किलोमीटर आरामात चालवा, ३०० ते ५०० किलोमीटरला ढील परत बघा, सुरुवातीला चेन थोडी बसते. पुढे दर ५०० किलोमीटरच्या आसपास आणि भर पावसातून आलात तर लगेच, रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करून पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब, चेनच्या आतल्या बाजूने, गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना, आणि जास्तीचं पुसून टाका. ओ-रिंगवाल्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका, रिंगा खराब होतात आणि आतलं ग्रीस गेलं की चेन संपली. टायरवर तेल उडालं नाहीये ना तेवढं बघून घ्या.

आणि जुनी चेन सगळी भंगारात देऊ नका, दीड फुटाचा तुकडा ठेवा. एका जाड लोखंडी पट्टीला बोल्टने लावला की स्प्रॉकेट धरून ठेवायचं हत्यार तयार होतं. माझ्याकडे आता एक आहे, त्या पहिल्या दिवशी नव्हतं.